अक्कांच्या शेवाळाबद्दल एक दुरुस्ती

तुमच्या माणसाच्या शोकसभेत कोणी त्याची खोटी स्तुती केली, तर तुम्ही उभं राहून 'हे खरं नाही' म्हणाल का? लगेच हो म्हणू नका. असल्या प्रश्नांना लगेच हो म्हणणाऱ्यांपैकी मीही आहे. मोर्चात, सभेत, चहाच्या टपरीवर मी खोट्याला खोटं म्हटलेलं आहे, आणि त्याचा मला अभिमानही होता. पण पाच आठवड्यांपूर्वी धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या कॉलेजच्या सभागृहात मी तिसऱ्या रांगेत बसून होते आणि उठले नाही. समोर शैलाअक्कांचा हार घातलेला फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'डॉ. शैला सपकाळे'. अक्का डॉक्टर नव्हत्या. का नव्हत्या, हे त्या सभागृहात निदान चार जणांना ठाऊक होतं. एकामागून एक वक्ते सांगत होते की कारखान्यांचा धूर खाणारं शेवाळ अक्कांनी शोधलं, नॅनो कणांनी त्या शेवाळाची भूक वाढवली आणि खान्देशाची मान उंचावली. टाळ्या वाजल्या... शोकसभेत टाळ्या. हे सगळं ज्या कागदावरून आलं होतं, तो कागद मी लिहिला होता. त्यातली मुख्य गोष्ट चुकीची होती. आणि ती चुकीची आहे हे सगळ्यांना सांग, एवढंच एक अक्कांनी माझ्याकडे मागितलं होतं.

बातमी दगडूभाऊंनी कळवली. दगडूभाऊ म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर, अक्कांबरोबर जवळजवळ सगळी नोकरी काढलेले. मी जळगावला, मेहरूणमध्ये आमच्या घरी होते. दोरीवर कपडे वाळत घालत होते. दगडूभाऊंचा फोन आला की आधी पाणी आलं का, जेवली का, बाबा कसे आहेत, असं सगळं होतं आणि मग मुद्दा येतो. त्या दिवशी ते नुसतं म्हणाले, "ताई, अक्का गयी." शेवटचे दिवस अक्का मुक्ताईनगरजवळच्या त्यांच्या गावी, भावाकडे होत्या. भावाने पहिला फोन दगडूभाऊंना केला होता. एवढं सांगूनही त्यांनी फोन ठेवला नाही. मागून पंपाची भुरभुर ऐकू येत होती... माशांच्या टाकीला लावतात तसला लहानसा पंप, शेवाळाच्या बाटल्यांत हवा सोडणारा. म्हणजे बातमी कळल्यावर ते आधी प्रयोगशाळेत गेले होते. आम्ही दोघं किती तरी वेळ त्या पंपाचा आवाज ऐकत राहिलो. ओला टॉवेल माझ्या हातात तसाच होता.

अक्कांची माझी पहिली भेट एका पत्रकावरून झाली. माझे बाबा एका छोट्या छापखान्यात काम करायचे. संपाची, रेशनची, शिष्यवृत्तीची, जयंतीची, सगळी पत्रकं आमच्या घरातून जायची. बिघडलेल्या प्रतींच्या पाठीवर मी गृहपाठ केला आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे एम.एस्सी.साठी धुळ्याला आल्यावर पंधरा दिवसांत मी वसतिगृहाच्या पाण्याबद्दल पत्रक काढलं आणि पहिली प्रत नेऊन वनस्पतिशास्त्राच्या मॅडमच्या हातात दिली. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, खिशातून लाल पेन काढलं (प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाला खिसा होता आणि त्यात कायम लाल पेन असायचं) आणि एका शब्दाखाली रेघ ओढून कागद मला परत दिला. माझं वाक्य होतं, 'या पाण्याने सर्व विद्यार्थिनी आजारी पडल्या आहेत.' 'सर्व'खाली रेघ.

"सर्व? मोजल्यास?"

"म्हणजे... बऱ्याच."

"मग बऱ्याच लिही. बऱ्याचनेही त्यांना लाज वाटेल. आणि एक जरी मुलगी धडधाकट निघाली, तर तुझं बाकीचं पत्रकही खोटं ठरवतील."

मला राग आला. मला वाटलं, ही बाई कॉलेजच्या बाजूची आहे. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वसतिगृहाच्या टाकीवर चढल्या, पाण्याचा नमुना घेतला, तपासला आणि त्यात काय सापडलं ते सहीनिशी लिहून दिलं. आठवड्यात टाकी साफ झाली. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी प्रज्ञाची 'पत्रकवाली' झाले आणि त्या माझ्यासाठी, दगडूभाऊंचं ऐकून, अक्का. त्यांचे वडील शाळेत शिपाई होते, आई दुसऱ्यांच्या केळीच्या बागेत कामाला जायची. वस्तीतून विज्ञान शाखेला गेलेली त्या पहिली मुलगी. यावर मला लेख लिहायचा होता. अक्का म्हणाल्या, "पहिली होते, कारण दुसऱ्या कोणी अर्ज भरला नव्हता. त्या का भरू शकल्या नाहीत, त्यावर लिही. माझ्यावर काय लिहितेस?"

शेवाळ त्यांनी आमच्या मेहरूण तलावातून आणलं होतं. एका रविवारी सकाळी मी सोबत होते. चप्पल काठावर काढून, साडी खोचून, गुडघाभर पाण्यात उतरून अक्का प्लास्टिकच्या बरणीत हिरवं पाणी भरत होत्या. फिरायला आलेलं एक जोडपं थांबलं. गृहस्थ म्हणाले, "बाई, काय पडलं? सोन्याचं काही पडलं का?" जळगावच्या माणसाला दुसरं काय सुचणार! अक्का म्हणाल्या, "नाही हो भाऊ, तुम्ही ज्याला घाण म्हणता ते न्यायला आलेय." गृहस्थ बायकोला हळूच म्हणाले, "चला, आपण आपलं फिरू." अक्का परतीच्या बसमध्ये साक्रीच्या... नव्हे, पारोळ्याच्या पुढपर्यंत हसत होत्या. (गावाचं नाव चुकलं तर त्यांनी रेघ ओढली असती, म्हणून दुरुस्त केलं.) बरणी त्यांनी मांडीवर धरली होती, तान्हं मूल धरावं तशी.

त्या शेवाळाचं त्यांना काय करायचं होतं, ते एकदा सोप्या शब्दांत सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. डोळ्यांना न दिसणारं हे एकपेशीय शेवाळ हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यावर वाढतं. धुराड्यातून तोच वायू बाहेर पडतो. मग धूर शेवाळाच्या पाण्यातून सोडला तर? अडचण अशी की हा वायू पाण्यात फार विरघळत नाही. बुडबुडा तळातून निघतो आणि शेवाळाने घास घ्यायच्या आत वर जाऊन फुटतो. अक्का वर्गात सांगायच्या, "पंगतीत वाढपी पळतच सुटला तर तुमच्या पानात काय पडणार? वाढप्याचा हात धरून त्याला जरा थांबवायला हवं." हा हात धरायचं काम नॅनो कणांकडून करून घ्यायचं होतं. लोखंडाच्या ऑक्साइडची काळी भुकटी, तिचा एकेक कण शेवाळाच्या पेशीपेक्षा कितीतरी बारीक. हे कण वायूला पेशीजवळ धरून ठेवतील, शेवाळाला जास्त कार्बन मिळेल आणि धुरातला जास्त वायू पकडला जाईल, असा अंदाज होता. जगभर लोक हे करून बघत आहेत. अक्कांना ते देवपुरात, फळ्या ठोकून केलेल्या मांडणीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात करायचं होतं आणि त्यावर पीएच.डी. करायची होती. पन्नाशी जवळ आली होती. हा शेवटचा प्रयत्न, असं त्या म्हणत नसत, पण मुदतीची तारीख कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली होती. दगडूभाऊ बाटल्या पुसता पुसता विचारायचे, "अक्का, मन्ही बिडीना धूर बी यासले चालस का?" अक्का म्हणायच्या, "त्यांना चालेल हो. तुमच्या फुप्फुसांना चालत नाही, त्याचं बघा."

प्रयोग उन्हाळ्यात झाला. एका ओळीत साध्या बाटल्या, म्हणजे शेवाळ आणि वायू. दुसऱ्या ओळीत कणांच्या बाटल्या, म्हणजे शेवाळ, वायू आणि काळी भुकटी. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं हवं. बाटल्या भरायचं काम माझं. काही दिवसांत कणांच्या बाटल्या अशा गडद झाल्या की पलीकडचं बोट दिसेना. शेवाळ गाळलं, वाळवलं, तोललं, तर कणांकडचं कितीतरी जास्त. अक्कांचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा करायला लावलं, मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तेच. त्या दिवशी अक्का मांडणीसमोर स्टुलावर बसल्या. नुसत्या बघत राहिल्या... दगडूभाऊंनी चहा आणला, तो गार झाला.

मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हते. चार दिवसांत माझं पत्रक तयार झालं. गुलाबी कागद, वर मोठ्या अक्षरात 'धूर खाणारं शेवाळ', आणि खाली मागणी, की प्रत्येक धुराड्याशेजारी अशी टाकी बसवा, आता पळवाट नाही, उपाय सापडला आहे. अक्का म्हणाल्या, "थोडं थांब. निबंध छापून येऊ दे, दुसऱ्या कोणी करून बघू दे." मी म्हणाले, "अक्का, श्वास घेणारे थांबू शकत नाहीत." हे वाक्य मला फार आवडलं होतं. अक्कांनी मान हलवली. ती परवानगी नव्हती, पण मी ती तशी घेतली. बाबांनी दोन हजार प्रती छापल्या. धुळ्यात, जळगावात, शाळांत, वाचनालयांत, बसस्थानकांवर, जिथे म्हणून माझा हात पोचला तिथे त्या गेल्या. एका वर्तमानपत्राने त्यावरून बातमी केली. एका तेलगिरणीचे मालक स्वतः प्रयोगशाळेत आले, बॉयलरशेजारी जागा देतो म्हणाले. अक्कांनी त्यांना विचारलं, "ही भुकटी शेवाळाबरोबर नाल्यात गेली, तिथून माशांत गेली, तर काय होईल, हे मला अजून माहीत नाही. तुम्हाला आहे?" ते नाही म्हणाले. "मग जरा थांबू. धूर गेला आणि विष आलं, याला उपाय म्हणत नाहीत." मला त्यांचा हा सावधपणा तेव्हा भित्रेपणा वाटला होता. हे मी आज इथे लिहून ठेवते.

पावसाळ्यानंतर अक्कांनी चौथ्यांदा प्रयोग लावला आणि दोन्ही ओळी सारख्याच हिरव्या झाल्या. पाचव्यांदाही तेच. उजेड तपासला, पंप बदलला, भुकटी नवी मागवली. काहीच फरक नाही. तीन-चार महिने त्या चूक शोधत होत्या. वह्या पुन्हा पुन्हा वाचत होत्या. चेहरा उतरला होता, वर्गातलं पंगतीचं उदाहरणसुद्धा बंद झालं होतं. मीही शोधत होते, अगदी मनापासून. आणि एका दुपारी दगडूभाऊ फरशी पुसता पुसता सहज म्हणाले, "तवय बोरनं पानी व्हतं ना, अक्का. उन्हाळामा नळले पानी कोठे येत व्हतं? ताईनी बोरनंच भरेल व्हतं."

अक्कांनी वही मिटली. "सगळ्या बाटल्यांत?"

"बठ्ठ्यास्मा नही. काई भुकटीन्या बाटल्यास्मा."

काळ्या भुकटीच्या बाटल्यांत. मला त्या क्षणी सगळं आठवलं. साध्या बाटल्या मी आधी भरायचे, त्या डिस्टिल्ड पाण्याने. कणांच्या बाटल्यांपर्यंत येईतो कॅन संपायचा. डिस्टिल्ड पाणी करायचं यंत्र नळाच्या धारेशिवाय चालत नाही आणि उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. मग मी मागच्या बोरचं पाणी घ्यायचे. तिन्ही वेळा तसंच केलं. आणि वहीत नोंद नाही, कारण त्यात नोंदण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. नळाला पाणी नसेल तर बोरचं, बोर आटली तर टँकरचं... आपल्याकडे ही काय लिहून ठेवायची गोष्ट आहे? दुसरीकडची मुलगी कदाचित प्रयोग थांबवून बसली असती. आपण थांबत नाही, आपण भागवतो. बोरच्या जड, क्षारांच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं आणि शेवाळाला त्यातूनही कार्बन मिळतो. माझ्या बाटल्या भुकटीने नाही, पाण्याने हिरव्या झाल्या होत्या.

अक्का आधी हसल्या. खरोखर हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, "पानं आधीच वाढलेली होती गं. आणि आपण वाढप्याचं कौतुक करत बसलो." मग हसणं थांबलं, पाणी थांबलं नाही. मी कोपऱ्यात उभी होते. मला वाटलं, आता त्या मला ओरडतील, आणि त्यांनी ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. त्या उठल्या, तोंड धुतलं आणि छापायला गेलेला निबंध परत घेत असल्याचं पत्र लिहायला बसल्या. प्रबंधातलं मुख्य प्रकरण काढलं. उरलेल्यावर पदवी मिळण्यासारखं नव्हतं आणि मुदत दोन महिन्यांवर होती. एक वरिष्ठ सहकारी समजवायला आले. "मॅडम, कोणाला कळणार आहे? पाणी म्हणजे पाणी." अक्का म्हणाल्या, "सर, तुम्ही वनस्पतिशास्त्र शिकवता." ते गेले. कपाटाच्या दारावरची तारीख अक्कांनी नखाने खरवडून काढली. कागदाचा एक तुकडा निघाला नाही, तो अजून तिथे आहे.

मग त्यांनी मला बोलावलं. चार वाक्यं स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद पुढे केला. 'आधीच्या पत्रकातला निष्कर्ष चुकीचा आहे. माझ्या प्रयोगशाळेत दोन ओळींतल्या बाटल्यांत वेगवेगळं पाणी भरलं गेलं होतं. सारखं पाणी भरल्यावर कणांचा तसा परिणाम दिसला नाही. चुकीबद्दल मी वाचकांची क्षमा मागते.' माझं नाव कुठेच नव्हतं. "जितक्या प्रती ते गेलं, तितक्याच प्रती हे जाऊ दे. त्याच दारांवर."

मी त्यांच्याशी भांडले. होय, तेव्हाही भांडले. म्हणाले, "अक्का, धूर खरा आहे की नाही? लोकांचा खोकला खरा आहे की नाही? आपली मागणी खरी आहे. हे वाटलं तर धुराडीवाले नाचतील."

"मागणी खरी आहे म्हणून तर," अक्का म्हणाल्या. "खऱ्या मागणीला खोटा पुरावा लावलास तर ती मागणी तुझ्या शत्रूच्या हातात दिलीस. काय वं पत्रकवाली, तुझ्या पत्रकातलं खोटं ते खोटं नाही का?"

मी कागद घेतला. बाबांनी दुसरं पत्रकही दोन हजार छापलं, पांढऱ्या कागदावर. मी ते वाटायला निघाले. पहिल्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणाले, "अरेच्चा, म्हणजे ते सगळं खोटंच होतं तर!" आणि हसले. दुसऱ्या ठिकाणी एकाने विचारलं, "हे पाणी भरलं कोणी होतं?" मी म्हणाले, माहीत नाही. त्या दिवशी मी घरी आले आणि गठ्ठे खाटेखाली सरकवले. उद्या जाऊ म्हटलं. मग परीक्षा, मग दुसरं एक आंदोलन, मग तिसरं. दुसऱ्यांच्या लपवाछपवीवर मी किती पत्रकं लिहिली असतील... आणि माझी लपवाछपवी माझ्याच खाटेखाली, मी तिच्यावर झोपत होते.

अक्का थांबल्या नाहीत. पदवीचा विषय संपला होता, तरी त्यांनी सारख्या पाण्यात सगळं पुन्हा केलं. कणांचं प्रमाण अगदी कमी ठेवलं तर शेवाळ किंचित जास्त वाढत होतं. वाढवलं की पेशी गोळा होऊन तळाशी बसत आणि मरत. तो किंचितपणा कणांनी वायू धरल्यामुळे की त्यांतून सुटलेलं लोखंड शेवाळाला खतासारखं मिळाल्यामुळे, हे त्यांना शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. वहीत त्यांनी तसंच लिहिलं आहे, 'कळले नाही'. याचा त्यांना त्रास होत नसे. उलट एकदा मला म्हणाल्या, "हे बघ, एवढंसं आहे, पण आपलं आहे." त्या वर्षापासून प्रयोगशाळेत एक नियम झाला. कुठलीही बाटली भरली की तिच्यावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर पहिली ओळ, 'पाणी कुठलं'. दगडूभाऊंनी पिण्याच्या माठावरसुद्धा चिकटवली.

मग आजार आला. पोटाचा कॅन्सर, उशिरा कळलेला. गावी नेण्यापूर्वी त्या जळगावच्या दवाखान्यात होत्या. मी रोज मेहरूणहून डबा घेऊन जायचे. त्या दोन घास खायच्या. तिथल्या शेवटच्या दिवशी, त्यांचे भाऊ गाडी बघायला खाली गेले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "ते दुसरं पत्रक सगळीकडे गेलं ना वं?" मधली किती तरी वर्षं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी म्हणाले, "हो अक्का. सगळीकडे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. "बरं झालं," म्हणाल्या आणि उशी जरा वर करायला सांगितली. त्यांना कळलं होतं का, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. मोजून उत्तर देता येईल असा तो नाही.

शोकसभेत मी उठले नाही याचं कारण आता तुम्हाला कळलं असेल. सभेनंतर मी खाटेखालून गठ्ठे काढले. कडा कसरीने खाल्ल्या होत्या, मजकूर शाबूत होता. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी एसटीने निघते. परवा धुळे तालुक्यातल्या एका शाळेत गेले. तिथे आठवीच्या मुली दरवर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी 'धूर खाणारं शेवाळ' मांडतात; एका बाटलीत नुसतं शेवाळ, दुसरीत शेवाळ आणि लोखंडाचा बारीक गंज. गंजाची बाटली जास्त हिरवी होती. बाई म्हणाल्या, "अहो, आमच्या मुलींना यावर बक्षीस मिळालंय. आता चूक कसं म्हणायचं?" मी त्यांना सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदाच हेही सांगितलं की पाणी मी भरलं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मग आमची बाटली का हिरवी झाली?" मी विचारलं, पाणी कुठलं होतं? मुली एकमेकींकडे बघू लागल्या. साधी बाटली शाळेतल्या फिल्टरच्या पाण्याने भरली होती. गंजाची बाटली ती मुलगी घरून भरून घेऊन आली होती, हापशीच्या पाण्याने. मग तीच म्हणाली, "मॅडम, आत्ता परत भरू का? दोन्ही?" आणि उत्तराची वाट न बघता बाटल्या ओतायला निघालीसुद्धा.

माझ्या एका पत्रकाने किती वर्गांत हे करून ठेवलं असेल, मला माहीत नाही. सगळीकडे मी एकटी पोचू शकत नाही. म्हणून तुमच्याकडे मागते. तुमच्या घरी, शाळेत, वाचनालयाच्या फायलीत तो गुलाबी कागद असेल तर फाडू नका. त्याच्याखाली पेनाने लिहा, 'हे चुकलं होतं. बाटल्यांतलं पाणी वेगळं होतं. पाणी प्रज्ञाने भरलं, आणि चूक शैला सपकाळे यांनी स्वतः जाहीर केली.' त्यांच्या नावाआधी कुठे 'डॉ.' दिसलं तर त्यावर रेघ मारा. त्यांनी ते सोडलं कशासाठी, हे पोरांना सांगा. आणि यंदा तुमच्या शाळेत कोणी शेवाळाच्या दोन बाटल्या मांडणार असेल, तर त्यांच्या शेजारी उभे राहा आणि दोन्ही बाटल्या एकाच हंड्यातून भरून घ्या.